हत्ती एफ-२ : एक डाव शेवटाकडून मागे वाचताना

पटावर नऊ मोहरे उरले आहेत. (घराच्या नावातले अक्षर उभ्या पट्टीचे, पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आणि आकडा आडव्या ओळीचा, पांढऱ्याच्या बाजूने मोजलेला.) पांढऱ्याचा राजा जी-१ वर, हत्ती एफ-४, उंट ए-८ च्या कोपऱ्यात आणि एकुलते एक प्यादे जी-३ वर. काळ्याचा राजा ई-५, हत्ती बी-२, उंट ई-६ आणि प्यादी दोन, एफ-५ व जी-४. चाल पांढऱ्याची. घरात पट असेल तर आत्ताच मांडून घ्या. पुढचे सगळे या नऊ मोहऱ्यांभोवतीच फिरणार आहे, आणि नुसते वाचून ते डोक्यात बसत नाही. मला तरी बसले नव्हते.

१२ डिसेंबर २०२४. सिंगापूरच्या सेंटोसा बेटावर बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा, म्हणजे नेहमीच्या वेळेचा शेवटचा डाव चालू होता. तेरा डावांनंतर गुण होते साडेसहा-साडेसहा. तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन पांढऱ्याकडून, आव्हानवीर डी. गुकेश काळ्याकडून. हा डाव बरोबरीत सुटला असता तर दुसऱ्या दिवशी टायब्रेक होता, म्हणजे जलद डावांवर निकाल. डिंगकडे एक प्यादे कमी होते, पण अशी स्थिती बरोबरीत सोडवणे त्याच्या पातळीच्या खेळाडूला अवघड नसते. हत्ती ए-४ ला नेऊन थांबला असता तरी चालले असते.

५५ व्या चालीला त्याने हत्ती एफ-२ वर ठेवला.

पुढे जे झाले ते चार ओळींत मावते. काळ्याच्या हत्तीने एफ-२ वरचा हत्ती मारला, पांढऱ्या राजाने तो हत्ती घेतला. ५६ व्या चालीचे काळ्याचे उत्तर : उंट डी-५. ५७ व्या चालीला उंटाने उंट मारला आणि काळ्या राजाने डी-५ वर परत मारले. ५८ व्या चालीला पांढरा राजा ई-३ वर आला, काळा राजा ई-५ वर, आणि डिंगने डाव सोडला. साडेसात-साडेसहा. अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. डोळे पुसत पुसत त्याने सगळे मोहरे पुन्हा आपापल्या मूळ घरांवर मांडले, ते दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे.

त्या रात्री आणि नंतर कित्येक दिवस एकच शब्द कानावर येत होता : घोडचूक. काहींना तर वाईटही वाटले, जगज्जेतेपद असे एका चुकीवर ठरावे म्हणून. मला हे पटत नाही. हत्ती एफ-२ ही चूक होती यात शंकाच नाही. पण ती चूक करण्यासाठी पटावर जी मांडणी लागत होती ती आपोआप झाली नव्हती. ती उलगडायची तर डाव पहिल्या चालीपासून पुढे वाचून फारसे हाती लागत नाही. शेवटच्या स्थितीपासून मागे जावे लागते. रविवारी सकाळी मी ज्या सात-आठ मुलांबरोबर बसतो, त्यांच्यासमोर मी तसेच केले : आधी पाच मोहरे, मग सात, मग नऊ.

पाच मोहरे. पांढरा राजा ई-३, प्यादे जी-३. काळा राजा ई-५, प्यादी एफ-५ आणि जी-४. चाल पांढऱ्याची. डिंगने इथेच डाव सोडला. मुलांना विचारले, का सोडला? एकाने लगेच सांगितले, "सर, काळ्याकडे एक प्यादे जास्त आहे म्हणून." मग मी त्याला काळ्याकडून खेळायला बसवले आणि स्वतः पांढरा घेतला. पाच-पाच मिनिटांचे घड्याळ. डाव बरोबरीत सुटला.

त्याने काय केले ते सांगतो, कारण ही चूक अगदी नेहमीची आहे. मी राजा एफ-२ वर नेला. त्याने राजा धावत ई-४ वर आणला. मी ई-२ वर उभा राहिलो, बरोबर त्याच्या समोर. राजे एकाच उभ्या पट्टीत, मध्ये एक घर, आणि चाल त्याची. याला खेळाडू ऑपोझिशन म्हणतात : ज्याची चाल त्याला वाट सोडावी लागते. या घटकेला ते माझ्याकडे होते. इथे थोडे मागे हटून पुन्हा प्रयत्न करता आला असता. पण त्याला वाटले, आता प्यादे पुढे ढकलू. एफ-४. मी जी-३ च्या प्याद्याने ते मारले, त्याच्या राजाने परत मारले, मी राजा एफ-२ वर आणला. आता त्याच्याकडे जी-४ वर एकच प्यादे, त्याचा राजा एफ-४ वर, माझा एफ-२ वर, चाल त्याची. प्यादे जी-३ वर ढकलून शह दिला, मी जी-२. तो जी-४, मी सरळ मागे जी-१. तो एफ-३, मी एफ-१. प्यादे जी-२ वर शह देत आले, मी जी-१. त्याने प्यादे राखायला राजा जी-३ वर आणला आणि माझ्याकडे चालच उरली नाही. शह नाही आणि चालही नाही, म्हणजे पेच (स्टेलमेट), डाव बरोबरीत. एक जादा प्यादे होते, तरी.

मग तीच स्थिती उलट्या बाजूंनी. मी काळ्याकडून बसलो. त्याने राजा एफ-२ वर नेला तेव्हा मी ई-४ वर गेलो नाही, डी-४ वर गेलो. तो ई-२ वर आला तेव्हा मी ई-४ वर. आता राजे समोरासमोर, पण चाल त्याची. तो एफ-२ वर हटला, मी डी-३ वर घुसलो. तो एफ-१, मी ई-३. तो जी-२, मी ई-२. इथून त्याचा राजा जी-३ च्या प्याद्याला चिकटून बसलेला, आणि दर चालीला त्याला एक घर सोडावे लागते. जी-१, मग मी एफ-३. एच-२, मग मी एफ-२. एच-१, आणि मी जी-३ चे प्यादे उचलले. दोन प्यादी वजीर व्हायला मोकळी.

मघाशी मी त्याला मागे हटता आले असते म्हटले, त्याचे कारण हे. या स्थितीत काळ्याला चाल 'हरवता' येते, म्हणजे फेरा मारून तीच स्थिती पुन्हा आणायची, पण चाल पांढऱ्याची ठेवून. राजे ई-३ आणि ई-५ वर आहेत आणि चाल काळ्याची आहे, असे समजा. पांढऱ्याला ऑपोझिशन मिळाले असे वाटेल. काळा राजा एक घर मागे ई-६ वर जातो. आता पांढऱ्याला ई-४ वर येऊन समोर उभे राहायचे आहे, पण एफ-५ चे प्यादे ते घर राखून बसले आहे. डी-४ वर गेला तर काळा डी-६. डी-३ तर डी-५. एफ-४ तर एफ-६, आणि पुन्हा हटावे लागते. ई-२ वर गेला तर काळा जागेवरून हलण्याआधीच दूरचे ऑपोझिशन काळ्याकडे, कारण दोघांच्या मध्ये तीन घरे आणि चाल पांढऱ्याची... नाही, इथे मी घाई करतोय. ई-२ च्या चालीनंतर चाल काळ्याची असते. तेव्हा काळा सरळ पुढे येत नाही, डी-५ वर येतो, आणि पांढरा ई-३ वर आला की ई-५. झाली मूळ स्थिती, चाल पांढऱ्याची. वर्गात फळ्यावरही मी नेमका इथेच चुकलो होतो, म्हणून तसेच लिहून ठेवले.

काळ्याकडे मागे इतकी मोकळी जागा का, आणि पांढऱ्याकडे का नाही? उत्तर जी-३ च्या प्याद्यात आहे. त्याच्यासमोर जी-४ वर काळे प्यादे उभे आहे, त्यामुळे ते हलू शकत नाही. पांढऱ्याकडे प्याद्याची एकही चाल नाही. एक जरी असती तरी ऑपोझिशनच्या खेळात तिने वेळ काढून दिली असती. नाही, म्हणून प्रत्येक चाल राजालाच करावी लागते, आणि राजाला जिथे उभे राहायचे आहे तिथून तो स्वतःच हटतो. झुगझ्वांग. हा जर्मन शब्द मराठीत आणायचा खटाटोप मी सोडून दिला आहे. मुले तो म्हणतातही झकास.

जी-४ वर ते प्यादे आले होते ४२ व्या चालीला. हत्ती एफ-२ च्या तेरा चाली आधी.

सात मोहरे. आता दोन उंट परत ठेवा. पांढरा राजा एफ-२, उंट ए-८, प्यादे जी-३. काळा राजा ई-५, उंट ई-६, प्यादी तीच. चाल काळ्याची. ही ५६ व्या चालीनंतरची स्थिती. सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थिती संगणकांनी आता पूर्णपणे सोडवून ठेवल्या आहेत, २०१२ मध्ये मॉस्को विद्यापीठाच्या लोमोनोसोव्ह संगणकावर हे काम झाले. म्हणजे हत्ती एकमेकांवर गेले त्या क्षणी डाव अशा प्रदेशात शिरला जिथे मत, अंदाज, अनुभव यांना जागाच नाही.

इथे मुलांना पाच मिनिटे दिली. काळ्याने जिंकायचे आहे, कसे? दोघांनी राजा पुढे नेण्याच्या चाली सुचवल्या. एकीने उंट डी-५ म्हटले आणि लगेच मागे घेतले : "पण सर, तो उंट मारेल ना?" मारेलच. मारावाच लागेल. हीच गंमत आहे.

दोन्ही उंट पांढऱ्या घरांवरून चालणारे आहेत, म्हणून ते एकमेकांना भिडू शकतात. वेगवेगळ्या रंगांच्या घरांवरचे असते तर हा डाव कदाचित आजही बरोबरीत म्हणूनच आठवला गेला असता. काळा उंट डी-५ वर येतो, मागे ई-५ वर राजा आहे म्हणून त्याला पाठबळ आहे. पांढरा उंट ए-८ वर आहे, आणि कोपऱ्यातल्या उंटाला एकच तिरपी रेषा असते : बी-७, सी-६, डी-५... या रेषेवर काळा उंट आडवा बसला. पांढरा बी-७ वर गेला तरी मारला जातो, सी-६ वर गेला तरी मारला जातो. हलला नाही तर ए-८ वरच मारला जातो. मारण्याशिवाय गत्यंतर नाही, आणि मारला की पाच मोहऱ्यांची हरलेली स्थिती.

उंट सी-६ वर असता तर? मुलांना हेच करायला सांगितले. सगळे तसेच, फक्त उंट ए-८ ऐवजी सी-६ वर. आता उंट डी-५ आला की पांढरा उंट दुसऱ्या तिरप्या रेषेवरून बी-५ ला किंवा ई-८ ला निसटतो. डाव संपत नाही. पांढऱ्याला अजून बरेच सोसावे लागेल, पण निदान लढायला उंट तरी उरतो.

मग उंट कोपऱ्यात गेला कसा? ४४ व्या चालीपासून तो बी-७ वर होता. ५२ व्या चालीला गुकेशने हत्ती बी-२ वर आणला, म्हणजे बी पट्टीतून उंटावर हल्ला. हल्ला साधासुधा होता, त्यात कसली धमकी नव्हती, उंट हलवला की काम झाले. डिंगने ५३ व्या चालीला उंट ए-८ वर नेला. सी-६ हेही घर मोकळे होते. त्या क्षणी दोन्ही चालींत फरक दिसत नाही. रेषा तीच, पल्ला तोच. फरक एवढाच की सी-६ वरच्या उंटाला दोन रस्ते असतात आणि ए-८ वरच्याला एक. वीस वर्षांपूर्वी एका खुल्या स्पर्धेत मी असाच एक उंट कोपऱ्यात नेऊन ठेवला होता, 'सुरक्षित' म्हणून. तो खरेच सुरक्षित राहिला, डाव मात्र गेला. त्यामुळे ही चाल पाहून मला डिंगचा राग येत नाही, पोटात थोडे कालवते.

नऊ मोहरे. आता हत्ती परत पटावर. सुरुवातीला मांडलेली स्थिती. इथे मुलांना प्रश्न वेगळा : डिंगने हत्ती एफ-२ का खेळला असेल? "चुकून" हे उत्तर मी घेत नाही.

त्याच्या जागी बसून पाहा. बी-२ वरचा काळा हत्ती दुसऱ्या आडव्या ओळीत ठाण मांडून बसला आहे, पांढऱ्या राजाला पहिल्या ओळीत कोंडून. बी-१ वर येऊन शह, पुन्हा मागे, पुन्हा शह, हा ससेमिरा कितीही वेळ चालू राहू शकतो. खेळाच्या नियमानुसार पहिल्या चाळीस चालींना दोन तास, मग उरलेल्या डावाला अर्धा तास आणि दर चालीला तीस सेकंद. डिंगच्या घड्याळात गुकेशच्या मानाने फारच कमी वेळ उरला होता. अशा वेळी हत्ती एफ-२ ही चाल सुटकेसारखी दिसते. हत्ती जातील, त्रास जाईल, उरतील उंट, दोघांचे एकाच रंगाच्या घरांवरचे. एकाच बाजूला दोन विरुद्ध एक प्यादे आणि असे उंट, हे बहुतेक वेळा बरोबरीत राखता येते, हे त्याला माहीत होते. चुकीचे काही नव्हते त्यात. 'बहुतेक वेळा' या दोन शब्दांत डाव अडकला.

मघाचाच मुलगा, पाच मोहऱ्यांत बरोबरी केलेला, इथे एकदम म्हणाला, "प्यादे कमी असताना मोहरे मारायचे नसतात ना?" अगदी बरोबर. हा नियम पहिल्या वर्षी शिकवला जातो : प्यादे जास्त असेल तर मोहऱ्यांची मारामारी (म्हणजे अदलाबदल) करा, कमी असेल तर प्याद्यांची. डिंगने हा नियम या डावात मोडलेलाही नव्हता. उलट ४५ व्या चालीला प्यादे एफ-३ आणि ४६ व्या चालीला जी-४ वर मारून त्याने एक प्यादे बरोबर उतरवले होते, तीन विरुद्ध दोनचे दोन विरुद्ध एक केले होते. फक्त शेवटी, एकदाच, तो मोहऱ्यांच्या मारामारीला स्वतःहून गेला.

पण नियमापुरतेच हे सोडून दिले तर खरी गोष्ट हातातून निसटते. ५४ व्या चालीला काळा राजा एफ-६ वरून ई-५ वर आला. तो एफ-६ वर असेपर्यंत उंट डी-५ ही चालच शक्य नव्हती : पांढरा उंट तो फुकट मारून गेला असता. राजाने ते एक पाऊल टाकले आणि डी-५ च्या घराला राखणदार मिळाला. वरवर पाहता ई-५ वर येऊन राजा एफ-४ वरच्या हत्तीला छेडतो आहे असे वाटते, आणि तो हत्ती तर जी-३ च्या प्याद्याने राखलेला आहे, म्हणजे घाबरायचे कारणच नाही. डोळा एफ-४ कडे गेला. डी-५ कडे गेला नाही. माझा अंदाज असा की डिंगने या सापळ्याचा हिशेब आधी कधीतरी, राजा एफ-६ वर असताना, करून ठेवला होता आणि 'इथे काही नाही' अशी खूण मनात केली होती. शेवटच्या टप्प्यातले बहुतेक अपघात असेच होतात : जुना हिशेब नव्या स्थितीला लावल्यामुळे. अंदाजच आहे, त्याच्या डोक्यात शिरून कोणी पाहिलेले नाही.

आणि गंमत म्हणजे गुकेशलाही ते लगेच दिसले नव्हते. नंतर त्यानेच सांगितले की हत्ती एफ-२ पाहून तो आधी हत्ती बी-३ वर नेणारच होता, आणि मग एकदम लक्षात आले की उंट कोपऱ्यात अडकतो आणि प्याद्यांचा डाव जिंकलेला आहे. त्याने कोणता हिशेब केला पाहा. त्याने उंट आणि हत्ती मोजले नाहीत. सगळे उतरल्यावर तळाला काय उरते ते पाहिले.

आता आणखी मागे. हे तीन थर असे एकावर एक रचले गेले कसे? वजीर गेले तिसाव्या चालीला. त्याआधी २९ व्या चालीला डिंगने बी पट्टीतले प्यादे बी-४ वर ढकलून सोडून दिले होते. ते तसेही काळ्याच्या माऱ्याखाली होते, आणि बदल्यात त्याला हवा तसा सोपा होत जाणारा डाव मिळाला. ३१-३२ व्या चालीत एकेक हत्ती गेला. उरले हत्ती-उंट, तीन प्यादी विरुद्ध दोन, सगळी राजाच्या बाजूला. पुस्तकी बरोबरी. समालोचक टायब्रेकबद्दल बोलू लागले होते. मीसुद्धा चहा टाकायला उठलो होतो.

गुकेशने मात्र प्यादी पुढे न्यायला सुरुवात केली. ३२ व्या चालीला जी-५. ३८ व्या चालीला एच-५. ४२ व्या चालीला जी-४. ४५ व्या चालीला एफ-५. प्रत्येक चाल एकटी पाहिली तर काहीच घडत नाही. पण जी-४ नंतर पांढऱ्याचे जी-३ गोठले, आणि प्याद्यांच्या डावात वेळ काढायची पांढऱ्याची शेवटची सोय गेली. इथेच पाच मोहऱ्यांची ती स्थिती पटाखाली तयार झाली. पुढच्या सगळ्या चालींत ती तिथेच होती, दिसत नव्हती एवढेच. त्यानंतर काळ्याला करायचे होते ते इतकेच : राजा, हत्ती आणि उंट अशा घरांवर हलवत राहायचे की कधीतरी चारही मोहऱ्यांची मारामारी एका दमात होईल. एक जोडी गेली तर बरोबरी. दोन्ही गेल्या तर विजय. डिंगला दर चालीला दोन्ही जोड्यांचा हिशेब ठेवणे भाग होते, गुकेशला फक्त वाट पाहायची होती. म्हणून 'नशिबाने मिळालेला विजय' हे मला मान्य नाही. सोप्या दिसणाऱ्या स्थितीत तेवीस चाली समोरच्याला चूक करायची संधी देत राहणे, हे शेवटच्या टप्प्याचे कसबच आहे.

आता सरावाबद्दल, कारण वर्गातल्या मुलांच्या पालकांनी तेच विचारले. हा डाव पाठ करून काही होत नाही. मी करून घेतले ते असे. पहिल्या रविवारी फक्त पाच मोहऱ्यांची स्थिती, दोन्ही बाजूंनी, घड्याळ लावून, प्रत्येकाने दहा-दहा वेळा. पहिल्या तासात काळ्याने जिंकण्यापेक्षा बरोबरी जास्त वेळा झाली. एफ-४ ची घाई जवळजवळ सगळ्यांनी केली. आणि एका मुलीने एकदा ती चाल बरोबर ठिकाणी केली : पांढरा राजा ई-३ वरून डी-३ वर गेला तेव्हा. तिथे एफ-४ खरेच जिंकते. जी-३ ने मारले की काळा राजा एफ-४ वर परत मारतो, पांढरा राजा ई-२ वर येतो आणि काळा जी-३ वर, प्याद्याच्या पुढे. राजा प्याद्याच्या पुढे, तेही तिसऱ्या ओळीत पोचला की पांढऱ्याला काही करता येत नाही. तीच चाल एका ठिकाणी जिंकते, दुसऱ्या ठिकाणी बरोबरी करते, आणि फरक पांढऱ्या राजाच्या एका घराचा. हे तिला सांगून कळले नसते.

दुसऱ्या रविवारी सात मोहरे, पण उंट दर वेळी वेगळ्या घरावर : ए-८, बी-७, सी-६, एफ-३ नव्हे, तिथे प्यादे मारते. प्रश्न एकच : आत्ता उंट डी-५ खेळला तर? तिसऱ्या रविवारी नऊ मोहरे, आणि इथे मुलांना चाली खेळू दिल्याच नाहीत. चाल सुचवण्याआधी त्यांनी तोंडाने सांगायचे : हत्ती गेले तर काय उरते, उंट गेले तर काय, दोन्ही गेले तर काय. तीन उत्तरे, मग चाल. सुरुवातीला कंटाळले. शेवटच्या अर्ध्या तासात दोघांना हत्ती एफ-२ न सांगता नाकारता आला, म्हणजे कारणासकट.

संगणक मी शेवटी उघडला. आधी उघडला की पोरे आकड्याकडे पाहतात, पटाकडे नाही. ५५ व्या चालीआधी शून्य, म्हणजे बरोबरी, आणि नंतर काळ्याचा विजय, एवढेच त्यात दिसते. जी-४, बी-२ वरचा हत्ती, कोपऱ्यातला उंट, ई-५ वरचा राजा, यातल्या एकाही चालीला तो आकडा हललेला नाही. संगणकाच्या हिशेबी त्या सगळ्या चाली सारख्याच, कारण अचूक खेळल्यास डाव बरोबरीतच होता. माणसाच्या हिशेबी मात्र प्रत्येक चालीनंतर पांढऱ्याला लक्षात ठेवायच्या गोष्टींत एकीची भर पडत होती.

गेल्या आठवड्यात त्यातल्याच एकाने तालुक्याच्या स्पर्धेत हत्तींचा डाव खेळला. एक प्यादे कमी होते, समोरच्याने हत्तींची मारामारी देऊ केली. तो बराच वेळ बसून राहिला, घड्याळात दोन मिनिटे उरेपर्यंत. मग हत्ती बाजूला घेतला. डाव पुढे हरलाच, दुसऱ्याच कुठल्या तरी प्याद्यावर. घरी येताना स्कूटरवर मागे बसून त्याने मला ती न झालेली मारामारी चालीगणिक सांगितली : राजा इथे, त्याचा राजा तिथे, चाल माझी, म्हणून हरलो असतो. बरोबर सांगितली होती.